तोंबेला लाइनवर आहे

न्यूयॉर्कच्या पोस्टिंगची ऑर्डर आली तेव्हा मी झाशीला होते. मी सिग्नल्सची अधिकारी, हुद्दा लेफ्टनंट कर्नल. आमच्या कोअरचं काम म्हणजे संपर्क. रेडिओ, केबल, सॅटेलाइट फोन, जे लागेल ते चालू ठेवायचं. त्याआधी मी आफ्रिकेतल्या एका देशात, शांतिसेनेत गेलेल्या आपल्या एका बटालियनबरोबर एक टेन्युअर, म्हणजे नेमणुकीची मुदत, पुरी करून आले होते. त्या देशाचं नाव इथे लिहीत नाही. तिथली माणसं अजून तिथेच राहतात आणि त्यांतल्या काहींना ते परवडणार नाही. गावाचं नावही बदललं आहे. आपण त्याला तोंबेला म्हणू.

ऑर्डर अशी होती: शांतिसेनेच्या मुख्यालयात डेस्क ऑफिसर, मुदत दोन वर्षं. देश तोच. म्हणजे जिथे चिखलात उभी राहून मी अँटेना लावल्या, त्याच देशाचे रिपोर्ट आता मॅनहॅटनमध्ये बसून वाचायचे.

माझा नवरा प्रसाद आणि मुलगा नील आधीपासून जर्सी सिटीत होते. प्रसाद आयटीत. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, त्यातली एका घरात किती गेली याचा हिशेब आम्ही करत नसू. त्यामुळे ही पोस्टिंग म्हणजे लॉटरीच, असं सगळे म्हणाले. मलाही तसंच वाटलं. सकाळी नीलला शाळेत सोडायचं, नदीखालून जाणारी ट्रेन पकडायची, संध्याकाळी परत. आमच्या बिल्डिंगमध्ये पुण्या-नागपूरची बरीच मंडळी होती. लिफ्टमध्ये कुणी ना कुणी विचारायचं, "कर्नल, आज काय म्हणतंय युद्ध?" मी हसून सोडून द्यायचे.

आमच्या ऑपरेशन्स रूमला खिडकी नव्हती. भिंतीवर स्क्रीन, टेबलावर फोन, आणि प्रत्येक देशाचं घड्याळ. माझ्या देशाचं घड्याळ सात तास पुढे होतं. मी पोचायचे तेव्हा तिथे दुपार सरत आलेली असायची. मिशनकडून आलेले रिपोर्ट वाचून एका पानाचा ब्रीफ करायचा हे माझं काम. माझे वरिष्ठ कर्नल मातेओ दक्षिण अमेरिकेतल्या एका फौजेचे होते. कमी बोलायचे आणि प्रत्येक वाक्य दोनदा वाचायचे. ब्रीफची भाषा त्यांनीच मला शिकवली. 'परिस्थिती तणावपूर्ण पण नियंत्रणात' याचा अर्थ गोळीबार झाला आहे पण आपलं कुणी गेलेलं नाही, असा होतो.

त्या दिवसांत प्रत्येक ब्रीफमध्ये निवडणूक असायचीच. युद्ध थांबवणाऱ्या करारात निवडणुकीचं वचन होतं. ती एकदा पुढे ढकलली, कारण राज्यघटनेवर एकमत होईना. मग दुसऱ्यांदा ढकलली. अध्यक्ष खुर्चीत बसलेले होते आणि त्यांना घाई नव्हती. विरोधी गटांकडे आपापली हत्यारबंद माणसं होती, त्यांनाही फारशी घाई नव्हती. मग बाहेरच्या मोठ्या देशांनी ठरवलं की आता तिसऱ्यांदा नाही. त्यांचे दूत राजधानीत जाऊन बसले. मतदान वेळेवर झालं नाही तर मदत थांबेल, पुढाऱ्यांच्या परदेशवाऱ्या बंद होतील, असं स्पष्ट सांगण्यात आलं. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर या देशांची बैठक व्हायची. तिथून खाली येणाऱ्या प्रत्येक कागदावर एक वाक्य असायचं: निवडणुकीची तयारी वेळापत्रकानुसार सुरू आहे.

मी त्या वाक्याच्या बाजूची होते, हे सांगायला हवं. दुसऱ्यांदा निवडणूक पुढे गेली तेव्हा मी त्या देशात होते. जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी बाजार जळला आणि संध्याकाळपर्यंत बाया-माणसं गाठोडी घेऊन आमच्या गेटवर आली. निवडणूक लांबणं म्हणजे काय ते मी पाहिलं होतं.

तोंबेला हे नदीकाठचं गाव. युद्धात तिथले निम्मे लोक नदीपलीकडच्या छावण्यांत पळाले होते आणि आता परतत होते. गावावर एका माणसाची हुकमत होती. लोक त्याला जनरल म्हणत. त्याला जनरल कुणी केलं हे कुणालाच माहीत नव्हतं. परतलेल्यांची नावं मतदार यादीत चढली तर त्याचा उमेदवार पडणार, एवढं त्याला कळत होतं. मतदार नोंदणी पेटीसारख्या मशीनवर व्हायची. माणसाचा फोटो, बोटांचे ठसे, गाव आणि घराची जागा, सगळं मशीनमधल्या मेमरी कार्डवर.

नोंदणीची प्रमुख होती एस्तेर. आधी तिथल्या मुलींच्या शाळेची हेडमिस्ट्रेस. पन्नाशीची, उंच, मोठ्या आवाजाची बाई. मी तिथे होते तेव्हा फोन चार्ज करायला आमच्या बेसवर यायची आणि चहा घेऊन जायची. इंग्रजी उत्तम. आमच्या जवानांना ती नावानं ओळखायची, फक्त नावं तिला नीट म्हणता येत नसत.

तोंबेलाच्या बेसवर आपली एक छोटी तुकडी होती. कमांडर मेजर थपलियाल. त्यांच्याबरोबर सिग्नल्सचे हवालदार दत्तात्रय खोत, तासगावकडचे. माझ्या टेन्युअरमध्ये ते माझ्याच डिटॅचमेंटला होते. खरं तर त्यांनीही माझ्यामागोमाग घरी यायचं होतं. पण निवडणूक पार पडेपर्यंत बटालियनचा मुक्काम वाढवला होता. निवडणूक पुढे गेली की मुक्काम पुढे जायचा.

एका सोमवारी मी ऑफिसात पोचले तर कर्नल मातेओ उभेच होते. जनरलच्या माणसांनी तोंबेलाची टेकडी घेतली होती. रेडिओचे संदेश पुढे पोचवणारा आमचा रिपीटर त्याच टेकडीवर. त्यामुळे बेसचा राजधानीशी नेहमीचा संपर्क तुटला होता. गावाबाहेरचा पूल उखडला होता. नोंदणीची टीम आणि नोंदणी केलेली कुटुंबं धावत आमच्या बेसमध्ये शिरली होती. बेसवर आता फक्त सॅटेलाइट फोन चालत होता आणि राजधानीतल्या फोर्स मुख्यालयानं ती लाइन आम्हालाही जोडून दिली होती. कर्नलनी हेडसेट माझ्या हातात दिला. म्हणाले, ही माणसं तुझ्या भाषेत बोलतात, लाइन तू सांभाळ.

"तोंबेला, न्यूयॉर्क. आवाज कसा आहे? ओव्हर."

"न्यूयॉर्क, तोंबेला. आवाज साफ." मग हळू आवाजात, "मॅडम, तुम्ही हाय व्हय?"

मी हो म्हटलं. खोतांनी आधी रीतसर इंग्रजीत रिपोर्ट दिला. मग म्हणाले, "आता जरा मराठीत बोलतो. हितं खोलीत लई माणसं हायत. इंग्रजी समद्यांना कळतं."

फोन कमांड बंकरमध्ये होता आणि बंकरमध्ये बायका-मुलं कोंबून बसवली होती. खोतांना त्यांच्यासमोर खरं बोलता येत नव्हतं. मराठीत त्यांनी सांगितलं की पाण्याची टाकी गोळ्यांनी फुटली आहे. जे उरलंय ते दोन दिवस पुरेल, पोरांना हवं तेवढं दिलं तर त्याहून कमी. जनरेटरचं डिझेलही बेताचं. जनरलचा निरोप आला आहे की मशीन आणि नोंदणी केलेली माणसं बाहेर काढा. हे सगळं ते चेहरा सरळ ठेवून बोलत असणार, कारण मध्येच कुणीतरी काहीतरी विचारलं आणि त्यांनी इंग्रजीत उत्तर दिलं, "गुड न्यूज, गुड न्यूज."

मी मागणी लिहून काढली: हेलिकॉप्टरनं नागरिकांना ताबडतोब हलवणं. हेलिकॉप्टरं राजधानीत तयार होती. पण उतरायला त्या देशाच्या सरकारची परवानगी लागते आणि सरकार म्हणत होतं की सुरक्षिततेची हमी देता येत नाही. कर्नल मातेओंनी मला दोन वाक्यांत समजावलं. सरकारला निवडणूक नकोच आहे. तोंबेला पेटलं तर त्यांना आयतं कारण मिळतं.

म्हणजे दबाव आणायला हवा होता, आणि दबाव आणणारे लोक आमच्याच डोक्यावर वरच्या मजल्यावर बसलेले होते. त्या दुपारी बैठक बोलावली. कर्नलबरोबर मी मागच्या रांगेत बसले.

बैठकीत कुणी वाईट माणूस नव्हता. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण ही हकिकत सांगितली की ऐकणारे लगेच कुणाला तरी शिव्या द्यायला लागतात. अध्यक्षस्थानी एका मोठ्या देशाचे वयस्क राजदूत होते. त्यांनी टीम हलवण्याची मागणी शांतपणे वाचली आणि म्हणाले, "आज तोंबेलातून टीम काढली तर उद्या चार जिल्ह्यांत असेच चार जनरल उभे राहतील. मग निवडणूक घ्यायची कुठे?"

एक-दोघांनी ते लिहून घेतलं. मीही घेतलं.

मग त्यांनी विचारलं की बेस किती टिकेल. कर्नलनी माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले आणि म्हटलं की पाणी पाहता एक दिवस, फार तर दोन. संध्याकाळी बैठकीचा कागद खाली आला त्यात लिहिलं होतं: लष्करी मतानुसार बेस तग धरू शकतो. सरकारकडे परवानगीसाठी आग्रह सुरू ठेवावा. टीमनं तूर्त जागेवर राहावं.

एक दिवस, फार तर दोन, हे शब्द कुठेच नव्हते. कर्नलनी ते हातानं समासात लिहिले आणि कागद परत वर पाठवला.

घरी आले तेव्हा शेजारच्या कुलकर्णी काकू आल्या होत्या. नागपूरहून मुलाकडे आलेल्या. पुरणपोळ्या घेऊन आल्या होत्या आणि मी जेवत नाही म्हणून नाराज झाल्या. मला काही सांगायची परवानगी नव्हती. प्रसादनं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काम आहे. नील सोफ्यावरून माझ्याकडे बघत होता. "आई, आर यू ओके?" मी हो म्हटलं. खिडकीतून नदी दिसत होती आणि तिच्या पलीकडे ते शहर, सगळे दिवे लागलेलं. मी कुठेही जाऊ शकत होते. कुणी मला अडवलं नव्हतं. तोंबेलातली माणसं बंकरमध्ये होती आणि मी 'बेस तग धरू शकतो' या एका वाक्यात अडकले होते.

मंगळवारी मी पहाटेच्या ट्रेननं गेले. तिथे दुपार होती. खोतांचा आवाज घोगरा झाला होता. पाणी वाटीनं देत होते. जनरलनं आता मुदत घातली होती, सूर्य मावळेपर्यंत. नाही तर आत येतो म्हणाला.

मेजर थपलियाल लाइनवर आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. माणसं ते कुठल्याही परिस्थितीत देणार नाहीत. पण बेसमध्ये ते घुसलेच तर मशीन त्यांच्या हाती लागतील, आणि मशीनमध्ये परतलेल्या प्रत्येक माणसाचा चेहरा आणि घराची जागा आहे. जे आज बेसमध्ये नाहीत, गावात किंवा छावणीत आहेत, त्यांचाही. मशीन नष्ट करायची परवानगी हवी.

राजधानीतल्या फोर्स कमांडरनी ती मागणी आमच्याकडे पाठवली, कारण हा लष्करी प्रश्न राहिला नव्हता. मशीन जाळली की त्या जिल्ह्याची नोंदणी संपली. नोंदणी संपली की तारीख पाळणं अवघड. मी मागणी घेऊन स्वतः वर गेले. तिथल्या राजकीय विभागाच्या बाई माझ्याच वयाच्या होत्या, रात्रभर झोपलेल्या नव्हत्या. त्यांनी सांगितलं की हा निर्णय बैठकीतच होईल आणि बैठक दुपारी आहे. मी म्हटलं, तोवर तिथे अंधार पडलेला असेल. त्या म्हणाल्या, मला माहीत आहे. त्यांनी बैठक लवकर घेण्यासाठी माझ्यासमोर तीन-चार फोन केले. दोन राजदूत शहराबाहेर होते.

मी खाली आले. खोत म्हणाले, एस्तेरताईंना तुमच्याशी बोलायचंय.

ती मला नावानं हाक मारायची. म्हणाली, "अश्विनी, त्या पेट्यांमध्ये माझ्या शाळेत शिकलेल्या मुलींचे फोटो आहेत. मीच त्यांना सांगितलं की या, घाबरू नका, नाव लावा. मी आता त्या पेट्या जाळणार आहे. तुझी परवानगी मागत नाही. तुला सांगून ठेवते, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की हे तुमच्या जवानांनी केलं."

मी तिला म्हटलं की वरून उत्तर येईपर्यंत थांब. ती म्हणाली, आम्ही किती वर्षं थांबलोय ते तुझ्या लोकांना विचार. मग तिनं फोन खोतांकडे दिला.

"मॅडम," खोत म्हणाले, "ताईंना एकटीला करू द्यायचं का? कार्ड कुठलं फोडायचं ते बाईला दिसत न्हाई. नुसतं वरनं जळंल आन् आतलं तसंच ऱ्हाईल."

हो म्हणायचा अधिकार मला नव्हता. नाही मला म्हणायचं नव्हतं. मी विचारलं, मेजर साहेब कुठे आहेत. थपलियाल गेटवरून आले आणि त्यांनी फोन घेतला. "मॅम, लॉग में लिखिए. बेस की सेफ्टी मेरी जिम्मेदारी है. डिसीजन मेरा है."

मी कर्नल मातेओंना ते इंग्रजीत सांगितलं. त्यांनी लॉगमध्ये मेजरचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं, वेळ टाकली आणि खाली स्वतःची सही केली. त्यांना ती करायची गरज नव्हती.

मशीन स्वयंपाकघरामागच्या खड्ड्यात नेल्या. तो खड्डा बंकरच्या आडोशाबाहेर होता, पण आत एवढी माणसं असताना आग दुसरीकडे लावता येत नव्हती. खोत जाण्याआधी फोन चालू ठेवून दारूगोळ्याच्या पेटीवर ठेवून गेले. म्हणाले, "लाइन बंद करू नगा मॅडम. परत लागंल न लागंल."

तेवढंच. नंतर लाइन चालू होती आणि समोर कुणी नव्हतं.

मला ऐकू येत होतं ते असं. एक मूल रडत होतं आणि त्याची आई त्याच्याशी काही गुणगुणत होती. कुणीतरी खोकत होतं. लांबून लोखंडावर हातोडा मारल्याचा आवाज, पुन्हा पुन्हा. मशीन फोडत होते. मी मनात मोजायला लागले आणि मग सोडून दिलं. मग कुणीतरी काहीतरी ओरडलं. धूर टेकडीवरून दिसला असणार. पहिल्या गोळ्या सुट्या सुट्या आल्या, मग मशीनगन, आणि मग दोन मोठे स्फोट. बंकरमधली सगळी माणसं एकदम ओरडली आणि एकदम गप्प झाली. आपल्या बाजूनं गोळीबार सुरू झाला, तो आवाज मी ओळखला.

मी "तोंबेला, न्यूयॉर्क" म्हणत राहिले. माझ्यामागे सगळी रूम उठून उभी होती. एवढ्यात टेबलावरचा दुसरा फोन वाजला. कर्नलनी घेतला. वरून निर्णय आला होता, बैठकीची वाट न पाहता फोनवरच एकमत झालं होतं: मशीन नष्ट करू नयेत, कालच्या सूचना कायम. कर्नल म्हणाले, समजलं. त्यांनी फोन ठेवला आणि तेही लॉगमध्ये लिहिलं, वेळेसकट.

किती वेळ गेला ते लॉगमध्ये आहे. मला तो आठवत नाही. गोळीबार विरळ झाला. मग पावलं आली आणि कुणीतरी फोन उचलला. थपलियाल होते. धाप लागली होती. ते म्हणाले की हल्ला परतवला, गेट शाबूत आहे, नागरिक सुरक्षित, मशीन सगळ्या संपल्या. मी ऐकत राहिले, कारण खोत लाइनवर का नाहीत ते मला कळलं होतं.

"मॅम, खोत नहीं रहा."

शेवटची मशीन उरली होती. एस्तेरला त्यांनी ढकलून आत पाठवलं आणि ते आणि लान्स नायक दिनेश बिष्ट मागे थांबले. नोंदणीचा एक कारकूनही थांबला होता, जोसेफ नावाचा. दुसरा बॉम्ब खड्ड्याच्या काठावर पडला. तिघेही जागच्या जागी गेले.

मी "रॉजर" म्हटलं. मग नावं, नंबर आणि हुद्दे पुन्हा विचारून खात्री केली आणि लिहून घेतली.

रात्री जनरलची माणसं टेकडीवरून उतरून गेली. न्यायला काही उरलं नव्हतं. शांतिसैनिक मारले गेल्याची बातमी जगभर गेली आणि जी परवानगी दोन दिवस मिळत नव्हती ती सकाळी मिळाली. हेलिकॉप्टरनं पहिल्या फेरीत मुलं आणली. आमच्या इमारतीतून निवेदन निघालं. ते तपासायला माझ्याकडे आलं. तिघांबद्दल तीव्र दुःख व्यक्त केलं होतं आणि शेवटी होतं की या घटनेमुळे निवडणुकीच्या वेळापत्रकात बदल होणार नाही. मी तथ्यं तपासली. तथ्यं बरोबर होती. मी ते तसंच परत पाठवलं.

खोतांच्या घरी फोन करायचा नाही, असा नियम आहे. युनिटकडून माणूस दारात जाईपर्यंत कुणीही करायचा नाही. मंगळवारी दुपारी, जर्सी सिटीला परतताना, मला ट्रेनमध्ये माहीत होतं आणि तासगावजवळच्या त्या घरात कुणाला माहीत नव्हतं. तिथे रात्र होती. त्यांच्या बायकोचा, सुनंदाचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. दिवाळीला आम्ही एकमेकींना शुभेच्छा पाठवायचो. मी फोन पिशवीत तळाशी टाकला आणि घरी पोचेपर्यंत काढला नाही. दारातच प्रसादनं माझा चेहरा पाहिला आणि या वेळी काही विचारलं नाही. त्यानं नीलला खाली खेळायला पाठवलं आणि माझ्याशेजारी बसून राहिला.

सुट्टी मिळाल्यावर मी तासगावला गेले. सुनंदानं चहा केला. घरात माणसं होती, सगळी माझ्याकडे बघत होती. कसं झालं ते मी सांगितलं, जेवढं सांगता येण्यासारखं होतं तेवढं. मुलींचे फोटो, एस्तेर, खड्डा. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग एकच गोष्ट विचारली.

"मग झालं का तिथं मतदान?"

मी म्हटलं, अजून नाही.

निवडणूक ठरलेल्या तारखेलाच झाली. बहुतेक देशानं मतदान केलं. तोंबेला आणि आणखी काही ठिकाणं वगळली, तिथे नंतर घेऊ असं जाहीर झालं. ते वयस्क राजदूत मला लिफ्टमध्ये भेटले. त्यांना माझं नाव आठवत होतं. म्हणाले, आपण ती पार पाडली, पण किंमत तुमच्या लोकांनी दिली. मी हो म्हटलं. त्यानंतर तिथे मोठं युद्ध झालं नाही, हेही खरं आहे. ते चुकले होते असं मला आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही. थपलियालांची चौकशी झाली. लॉग मागवला गेला. त्यात सगळं होतं, आणि ते निर्दोष सुटले.

पोस्टिंग संपल्यावर मी परत आले, उरलेली नोकरी केली आणि निवृत्ती घेऊन पुन्हा जर्सी सिटीत राहायला आले. आता मी इथल्या एका कॉलेजमध्ये नेटवर्क शिकवते. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कधी कधी मला बोलायला सांगतात. समोर पुण्या-मुंबईची शिकायला आलेली मुलं असतात. कुणीतरी विचारतं, मॅम, तुम्ही स्वतः फ्रंटवर होता का? मी सांगते, नाही. मी लाइनवर होते.

गेल्या हिवाळ्यात एस्तेरचा फोन आला. तोंबेलात मतदान झालं होतं, कागदी मतपत्रिकांवर. केंद्र तिच्या जुन्या शाळेतच. रांग नदीपर्यंत गेली होती म्हणाली. मतदान सुरू करण्याआधी तिनं सगळ्या रांगेला थांबवलं आणि तीन नावं मोठ्यानं वाचली. लोकांनी ती तिच्यामागून म्हटली.

मी लगेच सुनंदाला फोन लावला. सांगितलं, झालं मतदान. तिनं विचारलं, बायका आल्या होत्या का. मी म्हटलं, बायकाच पुढे होत्या. आणि नावं वाचल्याचंही सांगितलं.

"ह्यांचं नाव काय म्हनल्या त्या?"

एस्तेरनं मला ते म्हणून दाखवलं होतं. मी तसंच सांगितलं. "दात्ता खोती."

सुनंदा हसली. तिचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"खोती न्हवं," ती म्हणाली. "खोत. त्यास्नी नीट सांगा."

मी त्याच दिवशी एस्तेरला फोन केला आणि नाव पुन्हा सांगितलं, सावकाश. दत्तात्रय खोत. ती माझ्यामागून म्हणत राहिली, बरोबर येईपर्यंत.